सोल्याच्या दिवसांतली कुस्ती

परवा अकोल्याच्या भाजीबाजारात तुरीच्या शेंगा दिसल्या. ओल्या पोत्यावर हिरवा ढीग, त्यावर पाण्याचा हबका मारलेला, आणि ढिगामागे शालीत गुरफटून बसलेली बाई. "घे ना वो बाई, दाना भरला हाये," असं म्हणत तिने मला दाखवायला एक शेंग अंगठ्याने फोडली. आत कोवळे, ओलसर दाणे. मी भाव विचारला, तिने सांगितला, मी नेहमीसारखं 'लय होतात' म्हटलं आणि तिने नेहमीसारखं ऐकलं नाही. पिशवीभर शेंगा घेऊन घरी आले. उतरवून ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाहत बराच वेळ तशीच उभी राहिले.

पुण्याकडच्या आमच्या नातेवाइकांची थंडी मटाराने सुरू होते. आमची तुरीच्या शेंगेने होते. हे कोवळे हिरवे दाणे म्हणजे आमचे सोले. ते निघाले की वऱ्हाडातल्या स्वयंपाकघरांना दुसरं काही सुचत नाही. सोल्यांची भाजी, सोलेभात, सोल्यांच्या कचोऱ्या आणि कशाचाच कंटाळा आला तर मीठ घालून उकडलेल्या अख्ख्या शेंगा. पण या सगळ्याच्या आधी त्या सोलायच्या असतात. कुठल्याही घरात जा, मोठ्या परातीभोवती घरची, शेजारची, नुसतीच आलेली माणसं बसलेली सापडतील. हे काम मोठं गमतीचं आहे. हात गुंततात आणि तोंड मोकळं राहतं. आमच्या घरातली लग्नं, भांडणं, शेतीचे सौदे, सगळं परातीभोवती ठरलं आहे. दिवाणखान्यात बसून आम्ही फक्त पाहुण्यांशी खोटं बोलतो.

मला शेंग सोलायला बापूमामाने शिकवलं. बापूमामा आईचा धाकटा भाऊ. मी शाळेत नुकती जायला लागले होते तेव्हा त्याला मिसरूड फुटत होतं, पण तो चालत नसे. सकाळी कुणीतरी उचलून त्याला ओट्यावरच्या बाजेवर आणून बसवी आणि संध्याकाळी उचलून आत नेई. मधल्या वेळात बायका त्याच्यापुढे काम टाकत. उन्हाळ्यात चिंचा फोडणं, हिवाळ्यात तुरीच्या शेंगा. मी देठाकडून शेंग फोडायला जाई आणि दाणा चिरडे. "तिकून नाही वो, शेपटाकून दाब," तो म्हणायचा. टोकाकडून दाबलं की शेंग आपोआप उघडते, नखाला त्रास होत नाही. त्याची बोटं लांब आणि फार हुशार होती. त्याच्या पायांना काय झालं होतं, हे घरात कुणालाच सांगता येत नसे. कुणी म्हणे वारं गेलं, कुणी म्हणे लहानपणी ताप आला, कुणी करणीपर्यंत जाई. मी मोठ्या शाळेत जायच्या आत तो गेला. आई पुढे कधीही त्याचा विषय निघाला की उठून आत जायची. दुखण्याला नाव नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल बोलायला शब्दच नव्हते, असं मला आता वाटतं.

करुणा माझी धाकटी बहीण. बापूमामा गेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली. तिला हिवरखेडला दिली. ती अंगणवाडी चालवते, नवरा प्रकाश शेती पाहतो, आणि सम्यक त्यांचा एकुलता एक. करुणा गावातल्या सगळ्यांची मुलं महिन्याच्या महिन्याला वजनकाट्यावर उभी करते, कुणाचं पोर वाळलं आहे हे तिला पाहूनच कळतं. आणि तिचं स्वतःचं पोर तर चांगलं दणकट दिसत होतं. चौथ्या वर्षी सम्यकच्या पोटऱ्या अशा भरल्या होत्या की येणारा-जाणारा थांबून हात लावून पाही.

त्यात शेषराव वस्ताद पुढे. वस्ताद म्हणजे गावातल्या आखाड्याचे गुरू. सकाळी त्यांचा झेंडूचा आणि भाजीचा मळा, संध्याकाळी आखाड्याची लाल माती. आमच्या मुलखाची व्यायामावर भारी श्रद्धा. इकडे माणूस आजारी पडला तरी शेजारी विचारतात, बैठका मारत होता की नाही. वस्तादांनी सम्यकच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि जाहीर केलं, "हे पोट्टं पैलवान होते. लिहून ठेवा." करुणाला काय, आभाळ ठेंगणं झालं. वस्ताद घरून तेल आणत, पोटऱ्या रगडत. आखाड्यात नेऊन त्याच्याकडून बैठका काढून घेत. पोर खाली बसलं की उठताना गुडघ्यांवर हात टेकी, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत उभं राही. वस्ताद कौतुकाने म्हणत, "पाहा, कसा जोर लावून राहिला." ते पडायला लागलं तेव्हा बैठका वाढवल्या.

हे मी हसत सांगते आहे, पण हसू येत नाही.

पडणं थांबेना तेव्हा आम्ही त्याला अमरावतीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या पोटऱ्यांना हातसुद्धा लावला नाही. त्यांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि म्हणाले, "ऊठ बाळा." तो उठला, त्याच्या पद्धतीने, अंगावर चढत. मग रक्त तपासायला गेलं आणि नाव आलं. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा दुर्मिळ आजार, फार करून मुलग्यांना होणारा. पोटऱ्या भरलेल्या दिसत होत्या त्या बळाने नव्हे. झिजलेल्या स्नायूंची जागा चरबीने घेतली होती. हा आजार बऱ्याचदा आईकडून येतो आणि आईला मात्र काही होत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या घरात कुणाला होतं का?" करुणा नाही म्हणाली. तिने बापूमामाला पाहिलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी बसले होते. मी म्हटलं, "होता."

मी शाळेत विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा, वाटाण्याच्या रोपांची ती आकृती, जांभळी-पांढरी फुलं, सगळं मला झोपेतून उठवलं तरी फळ्यावर काढता येतं. त्या दिवशी अमरावतीहून परतताना एसटीत मला तो धडा पहिल्यांदा समजला. आणि एक विचित्र गोष्ट झाली, ती कुणाला पटेल की नाही कोण जाणे. दुःखाच्या आत कुठेतरी मला बापूमामासाठी बरं वाटलं. त्याला कुणी करणी केली नव्हती. आजीने कुठला नवस चुकवला नव्हता. आयुष्यभर निनावी दुखणं घेऊन बसलेल्या त्या मुलाला इतक्या वर्षांनी त्याच्या आजाराचं नाव मिळालं होतं. कुणीतरी, कुठेतरी, कुठल्याशा प्रयोगशाळेत डोळे फोडून ते शोधलं, म्हणून मिळालं. तो खर्च कुणी केला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पुढे पडला.

वस्ताद मात्र करुणाच्या गल्लीतून जायचे बंद झाले. मळ्याकडे जायला त्यांनी लांबचा रस्ता धरला. मग एक दिवस करुणा सम्यकला घेऊन अकोल्याला यायला निघाली, तर एसटी स्टँडवर हे धुतलेलं धोतर नेसून उभे. "मी येतो," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी अकोल्याला अनघाताई आल्या होत्या. मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत त्या या आजारावर काम करतात, आणि वर्षातून एक-दोनदा इकडे येऊन आमच्या भागातल्या अशा मुलांना तपासतात, रक्ताचे नमुने नेतात. आवाज मऊ, पण उत्तर सरळ. सम्यकचं तपासून झालं तेव्हा वस्ताद पुढे झाले.

"बाई, म्या या पोट्ट्याकून बैठका काढून घेतल्या. माह्याच्यानं झालं काय?"

"आजार तुमच्यामुळे आलेला नाही, काका. तो जन्मापासून होता."

"आन् बैठका?"

"बैठका नको होत्या," अनघाताई म्हणाल्या. "त्यानं झीज वाढते."

मला वाटलं, एवढं खरं सांगायची काय गरज होती. पण वस्तादांनी मान हलवली, जणू त्यांना हेच हवं होतं. "म्हंजे थोडं माह्याकूनबी झालं. बरं. आता काय कराले पायजे थे सांगा."

करायचं होतं ते असं, की टाचा आखडू नयेत म्हणून रोज पाय हळूहळू ताणायचे. जोर लावायचा नाही. वस्तादांनी ते व्यायाम शिकवणाऱ्या ताईंसमोर बसून, त्यांच्या हातावर स्वतःचा हात ठेवून शिकून घेतलं. ज्या हातांनी निम्म्या तालुक्याचे पैलवान घडवले, ते हात दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी झेंडू तोडून झाला की सम्यकच्या टाचा धरून बसू लागले. अजून बसतात. पावसात, लग्नसराईत, स्वतःच्या सुनेच्या बाळंतपणातसुद्धा ते चुकले नाहीत. मी माणसांचं कौतुक करण्यात जरा कंजूष आहे, शाळेत मुलं तसं म्हणतातही. पण वस्तादांपुढे माझी मान आपोआप खाली जाते.

तर, दोन वर्षांपूर्वीची थंडी. सम्यक अकरा वर्षांचा होता आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्याचं चालणं थांबलं होतं. एक दिवस तो उठला नाही, बस. चाकांची खुर्ची आली. हात मात्र चांगले होते. सोले निघाले तशी करुणाने परात त्याच्या खुर्चीच्या फळीवर ठेवली आणि मी त्याला सांगितलं, "शेपटाकून दाब." त्याची बोटं पाहिली आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. तीच लांब बोटं होती.

त्या थंडीत अनघाताई आल्या त्या उतरल्या चेहऱ्याने. आमच्या भागातल्या मुलांचे नमुने त्यांच्याकडे जमले होते, पण ते नीट वाचायला पैसा नव्हता. मिळत होता तो निधी संपला होता, पुढचा कधी येईल ठाऊक नव्हतं. स्नायू कसे टिकवायचे हे शरीराला सांगणारी एक सूचना रक्तात लिहिलेली असते, जनुक म्हणतात ते; हा आजार त्या एकाच सूचनेतल्या बिघाडाने होतो, पण कुणाच्या सूचनेतलं कुठलं पान गळालं आहे, ते प्रत्येक मुलाचं वेगळं. औषध बनतं ते त्या त्या पानासाठी. कुठल्या मुलाचं कुठलं पान, हेच माहीत नसेल तर औषध आलं तरी द्यायचं कुणाला? आणि मुलं थोडी, म्हणून मोठ्या कंपन्यांना घाई नाही. "गिऱ्हाईक कमी," प्रकाश म्हणाला. कापूस विकणाऱ्या माणसाला ते लगेच कळलं. विदर्भातल्या अशा मुलांच्या आईबापांनी मग ठरवलं की जमेल तिथून आपणच पैसे उभे करायचे.

इथे खरी कठीण गोष्ट सुरू झाली. आमची माणसं द्यायला मागेपुढे पाहत नाहीत. जयंती असो, भंडारा असो, गरिबाच्या पोरीचं लग्न असो, कुणाचं ऑपरेशन असो, हात खिशात जातोच. पण हे सगळं डोळ्यांना दिसतं. जेवण दिसतं, नवरी दिसते, टाके दिसतात. शोधासाठी पैसे म्हटल्यावर लोक करुणाकडे अशा काळजीने पाहत की हिला कुणी फसवत तर नाही.

"औषध हाये काय?"

"नाही, शोधून राह्यले."

"मंग सम्यकले त्याचा फायदा?"

"सांगता येत नाही."

"मंग पैसे कायले मांगतं वो बाई?"

एका अडत्याने तर विचारलं की त्याचं नाव कुठे लिहिणार. प्रश्न रास्त होता. आमच्याकडे शाळेला पंखा दिला तरी त्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव असतं, आणि पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, हा भाग वेगळा. करुणा म्हणाली, "नाव लिहाले जागा नाही, भाऊ. एखादं पोट्टं चाललं तं त्याच्या चपलेवर लिवून देईन." तो हसला आणि दिले बिचाऱ्याने. पण अशाने किती जमणार. ती थकून जायची. अंगणवाडी, सम्यकचं अंघोळीपासून सगळं, आणि वरून पैशांसाठी हे दारोदार फिरणं. मी सुट्टीच्या दिवशी हिवरखेडला जाई तेव्हा ती परातीपाशी शेंगा हातात धरून नुसती बसलेली असे.

अशाच एका दुपारी वस्ताद परातीपाशी येऊन टेकले. सोले निघाले की गावात दरवर्षी कुस्त्यांची दंगल भरते. दंगलीची एक रीत आहे. जिंकलेला पैलवान फेट्याचं कापड पसरून मैदानाभोवती फेरी मारतो, आणि ज्याला कुस्ती आवडली तो त्यात नोट टाकतो. ही फेरी पैलवानाच्या हक्काची. इनामाइतकाच तिचा मान. वस्ताद म्हणाले, "औंदाच्या फेऱ्या साऱ्या पोट्ट्याइच्या शोधाले. मी पैलवानाइले बोललो. समदे हो म्हनतात."

करुणाने हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग म्हणाली, "माह्या पोराले मैदानात फिरवून दाखवाचं नाही. कोनी त्याले बिचारा म्हनलं तं मी सारं बंद करीन."

"नाही फिरवत."

तेव्हा खुर्चीतून सम्यक म्हणाला, "मंग मी पुकारा करतो. माईकवर." आम्ही सगळे त्याच्याकडे पाहायला लागलो. "काहून? तोंडाले काय झालं माह्या?"

ती दंगल मला कायमची आठवणार आहे. थंड, स्वच्छ दुपार. तेल, ताक आणि हळद मुरलेल्या लाल मातीचा वास. डफड्याचा आवाज छातीत घुमत होता. मचाणाशेजारी खुर्ची, आणि खुर्चीत टोपी घातलेला हा पोरगा माईक तोंडाशी घट्ट धरून. इतकी वर्षं आखाड्याच्या कडेला बसून त्याने सगळे डाव पाठ केले होते. आवाज अजून फुटायचा होता, पण फेक अशी की मागच्या बैलगाडीवर बसलेला माणूसही ऐकत होता. "धोबीपछाड पाहा हो मंडळी, धोबीपछाड. आता याची माय घरी कपडे धुवाचं सोडून याले धुईन." लोक पोट धरून हसत होते. जो चीत झाला तोही हसत होता. आणि प्रत्येक कुस्तीनंतर जिंकलेला पैलवान फेटा पसरून निघायचा, मातीने माखलेला, धापा टाकत. फेरी पूर्ण झाली की कापड तसंच आणून वस्तादांच्या पुढ्यात ठेवायचा, त्यातलं काही न घेता.

मधेच गर्दीतून एक वयस्क माणूस उठला. वाईट हेतूने नव्हे, त्याला खरंच विचारायचं होतं. "पोरा, औषध कवा निंगते? आन् निंगल्यावर तुले लागते का? काहीच माईत नाही तं मानसानं पैसे कशाचे द्याचे?"

डफडं थांबलं. मी करुणाकडे पाहिलं, ती उठायच्या बेतात होती. सम्यकने माईक जरा लांब धरला, जवळ घेतला.

"काका, आता पुढच्या कुस्तीत कोन जिकते, माईत हाये तुमाले?"

"नाही बा."

"तरी सकाळपासून बसलेच ना पाहाले."

मग तो माणूस बसला, आणि पुढची फेरी आली तेव्हा त्याने कापडात काय टाकलं ते मी पाहिलं नाही, पण टाकताना दोन्ही हात लावले हे पाहिलं.

त्या दंगलीच्या, आणि इतर गावांतल्या आईबापांनी आपापल्या परीने जमवलेल्या पैशांवर नमुने वाचले गेले. थंडी सरत आली होती, सोले जून झाले होते, शेवटच्या कचोऱ्या तळणं चाललं होतं आणि अनघाताईंचा फोन आला. करुणाने गॅस बंद केला. एका औषधाची चाचणी सुरू होणार होती, आणि आमच्या भागातल्या दोन-चार मुलांना ते लागू पडण्यासारखं होतं. सम्यक त्यात बसत होता, त्याचं गळालेलं पान तेच होतं. पण चाचणीत चालणारी मुलंच घेणार होते. सम्यकचं चालणं आदल्या पावसाळ्यात थांबलं होतं. परतवाड्याचा गुड्डू होता सहा वर्षांचा, काळीपिवळी जीप चालवणाऱ्याचा मुलगा. तो अजून चालत होता. त्याला घेणार होते.

करुणाने सम्यकपासून काही लपवलं नाही. त्याने ऐकून घेतलं. "गुड्डूले घेतलं ना?" एवढं विचारलं आणि खुर्ची आतल्या खोलीत न्यायला सांगितली. दार लोटून घ्यायलाही सांगितलं. सोल्यांच्या कचोऱ्या त्याला जीव की प्राण. त्या दिवशी त्याने एकही खाल्ली नाही.

आणि करुणा मागच्या अंगणात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "ताई, माह्या पोराच्या दंगलीचा पैसा, आन् औषध दुसऱ्याच्या पोराले. मी काय बोधिसत्त्व हाये? मले वाईट वाटते वो. मले लय वाईट वाटते." मी तिला समजावलं नाही. समजावण्यासारखं काही नव्हतंच. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तिने भरपूर रडून घेतलं, तोंड धुतलं, आणि पदराला हात पुसत म्हणाली, "त्या गुड्डूच्या मायले फोन लावून दे. तिले समजणार नाही, कोनते कोनते कागद लागतात ते."

मोठेपणाबद्दल मी पुस्तकांतून पुष्कळ वाचलं आहे. त्यातली माणसं वाईट वाटल्याचं सहसा कबूल करत नाहीत. माझी बहीण आधी ते करते आणि मग फोन लावते. मला हेच जास्त मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद टाचा ताणायला आले तेव्हा सम्यकने विचारलं, "पुढच्या वर्षी दंगल हाये ना?" वस्ताद हो म्हणाले. "माईकचा आवाज फाटून राह्यला होता. दुसरा आना."

गेल्या वर्षीही दंगल झाली. आता शेजारच्या दोन गावांच्या दंगलींतही फेऱ्या शोधासाठी निघतात, आणि कशासाठी म्हणून कुणी फारसं विचारत नाही. अनघाताई सांगतात की या पैशांतला काही भाग आता हातांच्या कामावर लागतो आहे. चालणं गेलेल्या मुलांचे हात टिकवता येतील का, ते त्या पाहत आहेत. सम्यकच्या उपयोगाचं निघेल का, असं मी एकदा विचारलं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. आताशा या तीन शब्दांचा मला राग येत नाही. ते म्हणणाऱ्या माणसाने शोधणं थांबवलं नसलं म्हणजे झालं.

परवाच्या त्या शेंगा पिशवीत तशाच घेऊन मी काल अकोटमार्गे हिवरखेडला आले. शेतातल्या शेंगा असताना बाजारातून आणल्या म्हणून करुणाने आधी मला झापलं. मग परात मांडली. गुड्डू आणि त्याची आई परतवाड्याहून आले होते. चाचणी सुरू होऊन वर्ष उलटलं आहे. गुड्डू आठ वर्षांचा झाला. औषध काम करतं आहे की नाही, याचं उत्तर अनघाताई अजून देत नाहीत, थांबा म्हणतात. पण तो चालतो. बदकासारखा डुलत, पण चालतो.

सम्यक तेरा वर्षांचा आहे. यंदा त्याला परात फळीवर उंच करून द्यावी लागली, कोपर आता उचलत नाही. शेंग दाबताना अंगठा थरथरतो. एकेक शेंग उघडायला वेळ लागतो, आणि मधे मधे तो हात मांडीवर ठेवून विसावा घेतो. मी ते पाहिलं हे त्याने पाहिलं. गुड्डू शेजारी ओट्याखालच्या अंगणात बसून शेंगा चिरडत होता.

"तिकून नाही बे," सम्यक त्याला म्हणाला. "शेपटाकून दाब."

गुड्डूने दाबलं. शेंग उघडली. त्याला इतका आनंद झाला की त्याने सगळ्यांना दाखवून ती खाल्ली आणि मग म्हणाला, मीठ पाहिजे. मीठ आत होतं, ओट्याच्या पायऱ्या चढून. त्याची आई उठायला लागली. "मी आनतो," गुड्डू म्हणाला.

तो पायऱ्यांपाशी गेला. एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर. आणि सम्यकने आपला दमलेला हात उचलला, सावकाश, दुसऱ्या हाताचा आधार देत, मूठ तोंडाशी आणली. आवाज आता फुटला आहे, जाड झाला आहे.

"मंडळी, शांत राहा. परतवाड्याचे गुड्डू पैलवान मैदानात उतरून राह्यले. समोर हिवरखेडच्या पायऱ्या, लय जुन्या, लय बदमाश. पैलवानानं पहिली पकड घेतली. पाय वर. दुसरा पाय. घाई नाही, घाई नाही. दुसऱ्या पायरीनं जोर लावला, पैलवान हालला, पन पडला नाही. भिंतीची मदत घेतली, चालते, नियमात बसते." परातीभोवतीचे सगळे हात थांबले होते. गुड्डूची आई तोंडावर पदर धरून होती. करुणा तिचा दुसरा हात धरून होती. "शेवटची पायरी. पैलवान दम घेऊन राह्यला. घेऊ द्या. आन् हा पाय, आन् हा दुसरा."

गुड्डू ओट्यावर उभा होता, धापा टाकत, हसत.

"पायऱ्या चीत," सम्यक म्हणाला.

शेषराव वस्ताद ओट्याच्या कडेला बसले होते. त्यांनी आपला फेटा सोडला, गुड्डूच्या पसरलेल्या हातांवर घातला, आणि नोट काढायला खिशात हात घातला.